फॉरवर्ड करण्याआधी: फिरवलेल्या माहितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्यांचा, सोसायटीचा, दहावीच्या बॅचचा, गावाकडचा, असे चार-पाच ग्रुप ज्यांच्या फोनमध्ये आहेत त्यांच्यासाठी हे पान आहे. सगळ्यांनी शोधपत्रकार व्हावं अशी अपेक्षा नाही. पुढच्या सगळ्या उत्तरांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे: तपासायला वेळ किंवा साधन नसेल, तर मेसेज आपल्यापाशी थांबवायचा. तपासणं शिकावं लागतं. थांबवणं आजही प्रत्येकाला येतं.

माहिती फिरवणं म्हणजे नेमकं काय? खोटी बातमी आणि हे एकच का?

नाही. धडधडीत बनवलेली बातमी हा त्यातला एक प्रकार, आणि पकडायला तसा सोपा. जास्त छळतात ते अर्धे खरे प्रकार. फोटो खरा, पण दुसऱ्या गावचा. व्हिडिओ खरा, पण शेवट कापलेला. वाक्य खरं, पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं तेच गाळलेलं. आकडे खरे, पण आलेख शून्याऐवजी ९० पासून सुरू केलेला. मग ९२ वरून ९४ वर गेलेला खांब दुप्पट उंच दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, बाप रे, दुप्पट झालं. यातल्या एकाही गोष्टीला सरळ 'खोटं' म्हणता येत नाही, म्हणून ती जास्त दिवस टिकते.

एका फॉरवर्डने असं काय मोठं बिघडतं?

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी त्या संशयावरून पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारून टाकलं. टोळी नव्हतीच.

त्या महिन्यांत देशभर फिरलेला एक व्हिडिओ बघण्यासारखा आहे. रस्त्यावर खेळणारी मुलं, मोटरसायकलवर दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि सुसाट निघून जातात. तेवढाच तुकडा फिरत होता. मूळ फिल्म पाकिस्तानातल्या कराचीची, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जनजागृतीसाठी बनवलेली. तिच्यात पुढे तेच दोघं परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक कॅमेऱ्यापुढे धरतात. ज्याने कुणी ते शेवटचे काही सेकंद कापले, त्याला दुसरं काहीच करावं लागलं नाही. एकही दृश्य बनावट नव्हतं.

पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेला १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव जमावाने घेतला. तिथेही आधी चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याची अफवा होती. आणि हत्येनंतर लगेच दुसरी लाट आली: हे एका विशिष्ट धर्माच्या लोकांनी केलं. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली, तीत एकही मुस्लिम नव्हता. अफवेने माणसं मारली आणि मग त्या मृत्यूंवर अफवा पोसली गेली.

प्रत्येक वेळी जीवच जातो असं नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'चिकन खाल्ल्याने करोना होतो' असे मेसेज फिरले आणि राज्यातल्या कुक्कुटपालकांचे दर कोसळले. ज्याने तो मेसेज काळजीपोटी बहिणीला पाठवला त्याला आपण कुणाचं काही बिघडवलं असं वाटलंही नसेल.

मेसेज संशयास्पद आहे हे पटकन कसं ओळखायचं?

आधी तारीख बघा. 'आज सकाळी', 'काल रात्री', 'उद्यापासून' असं लिहिलेला मेसेज कधीच शिळा होत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं फिरतो. मग ठिकाण: 'आपल्या भागात' म्हणजे कुठल्या? मग माणूस: 'एका मोठ्या डॉक्टरांनी', 'माझ्या मित्राच्या भावाने जो पोलिसात आहे'. तारीख, ठिकाण आणि नाव, तिन्ही गायब असतील तर तो मेसेज पुढे जाण्याच्या लायकीचा नाही. तपासतही बसू नका.

दुसरी खूण म्हणजे विनवणी. 'जास्तीत जास्त शेअर करा', 'डिलीट व्हायच्या आत बघा', 'मीडिया हे दाखवणार नाही'. खऱ्या बातमीला अशी गयावया करावी लागत नाही.

तिसरी व्हॉट्सअ‍ॅपच देतं. मेसेजवर एक बाण असेल तर तो फॉरवर्ड आहे. दोन बाण असतील तर तो मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच हातांतून आला आहे, म्हणजे तुम्हाला पाठवणाऱ्या मावशीला त्याच्या उगमाबद्दल तुमच्याइतकंच माहीत आहे. मात्र मजकूर कॉपी करून पेस्ट केला किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला की बाण पुसले जातात. बाण नाही म्हणून मजकूर मावशीचा, असं धरू नका.

आणि चौथी खूण मेसेजमध्ये नसते, आपल्यात असते. वाचता वाचता कानशिलं तापली, किंवा 'बघा, मी म्हणत नव्हतो?' असं मनात आलं, तर तिथेच फोन पालथा ठेवा. नावडत्या पक्षाबद्दलचं वाईट आणि आवडत्या माणसाबद्दलचं चांगलं आपण तपासत नाही. बनवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

फोटो जुना आहे की आजचा, हे कसं शोधायचं?

फोटो गॅलरीत सेव्ह करा. गुगलचं अ‍ॅप उघडा, शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवा, गॅलरीतून तो फोटो निवडा. सारखे फोटो समोर येतील. बहुतेक जण इथे पहिला निकाल बघून थांबतात आणि फसतात, कारण पहिला निकाल म्हणजे तीच अफवा छापणारं एखादं पान असू शकतं. तुम्हाला सर्वांत जुना निकाल हवा आहे. आजच्या मोर्चाचा म्हणून आलेला फोटो २०१७ च्या बातमीत सापडला, की विषय संपला.

काहीच सापडलं नाही तर:

फोटो कापून शोधा. गर्दी वगळून फक्त पाटी, पुतळा, पूल किंवा इमारत चौकटीत घ्या. गर्दी कुठलीही सारखीच दिसते, पूल दिसत नाही.

आरशासारखा उलटा करून बघा. शोध चुकवण्यासाठी फोटो डावा-उजवा फिरवलेला असतो. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर हेच झालं आहे.

दुसऱ्या ठिकाणी शोधा. टिनआय या फोटो शोधणाऱ्या संकेतस्थळावर निकाल तारखेप्रमाणे, जुना आधी, असे लावता येतात. यांडेक्स या दुसऱ्या शोधयंत्रावर कधी कधी गुगलला न सापडलेलं सापडतं.

फोटोच्या फाइलमध्ये दडलेली तारीख आणि जागा बघावी असं अनेकांना सुचतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ती माहिती उरत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

आणि व्हिडिओ?

व्हिडिओ तसाच्या तसा शोधता येत नाही, त्याचे फोटो करावे लागतात. तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या: अगदी सुरुवात, जिथे पाटी किंवा गाडी स्पष्ट दिसते ती जागा, आणि शेवट. मग वरच्यासारखंच शोधा.

त्याआधी एकदा आवाज बंद करून बघा. आवाज बऱ्याचदा वरून चिकटवलेला असतो आणि आपण डोळ्यांपेक्षा निवेदनावर विश्वास ठेवतो. मुका व्हिडिओ बघताना भलत्याच गोष्टी दिसायला लागतात. 'नाशिकमधला प्रकार' म्हणून आलेल्या व्हिडिओत गाड्यांच्या पाट्या एमएच १५ च्या आहेत का? एखादी बाहेरची गाडी असू शकते, पण उभ्या असलेल्या सगळ्याच रिक्षा दुसऱ्या राज्याच्या असतील तर काय ते समजा. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? पोलिसांचा गणवेश खाकी आहे की कोलकाता पोलिसांसारखा पांढरा? भर मे महिन्यातली घटना म्हणतात, आणि लोक स्वेटर घालून आहेत का?

व्हिडिओ एकदम सुरू होत असेल किंवा ऐन वेळी तुटत असेल, तर आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे न कळता मत बनवू नका. कराचीची फिल्म आठवा.

पावसाळ्यात 'उद्या शाळांना सुट्टी'चं पत्र येतं. त्यावर सही-शिक्का असतो. तरी तपासायचं?

हो. आणि गंमत म्हणजे ते पत्र बनावट नसतंही. गेल्या वर्षीचं किंवा शेजारच्या जिल्ह्याचं खरं पत्र असतं, फक्त वरचा भाग कापलेला किंवा तारखेवर कुणी अंगठा ठेवून फोटो काढलेला. बघायचं ते इतकंच: जिल्हा कोणता, जावक क्रमांकात वर्ष कोणतं, आणि तारखेपुढे वार दिला असेल तर या वर्षी त्या तारखेला तोच वार येतो का. अतिवृष्टीची सुट्टी सहसा जिल्हाधिकारी जाहीर करतात. जिल्हा प्रशासनाच्या किंवा जिल्हा माहिती कार्यालयाच्या खात्यावर ती दिसत नसेल, तर वर्गशिक्षकांना विचारा.

राज्याच्या शासन निर्णयाचं, म्हणजे जीआरचं, तपासणं त्याहून सोपं. शेवटच्या परिच्छेदात 'संगणक संकेतांक' असतो, लांबलचक आकडा. त्याची सुरुवात तारखेने होते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. वर छापलेली तारीख आणि संकेतांकातली तारीख यांत मोठी तफावत असेल तर कान टवकारा. मग राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या विभागात तोच संकेतांक टाकून शोधा. तिथे नाही, तर तो जीआर नाही असंच धरून चाला.

योजनेच्या नावाने लिंक आली तर पत्त्याच्या सुरुवातीच्या 'https://' नंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. ते 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असायला हवं. पत्त्यात आधी कुठेतरी 'महाराष्ट्र' आणि 'गव्ह' असे शब्द टाकून शेवट 'डॉट साइट' किंवा 'डॉट एक्सवायझेड' केलेला असतो. लाडकी बहीण असो की पीएम किसान, युक्ती हीच.

वाहिनीचा लोगो असलेलं बातमीचं कार्ड तर खरं असेल ना?

लोगो चिकटवायला दोन मिनिटं लागतात. त्या वाहिनीच्या किंवा वृत्तपत्राच्या स्वतःच्या खात्यावर जाऊन ते कार्ड आहे का बघा. नसेल तर नेत्याच्या तोंडी घातलेलं वाक्य अवतरणचिन्हांसकट शोधा. मराठी कार्डांत एक चूक हमखास राहते: अक्षराचं वळण. मूळ वाहिनी वर्षानुवर्षं एकच टंक वापरते. बनावट कार्डात नाव एका टंकात आणि विधान दुसऱ्यात असतं, किंवा र्‍हस्व-दीर्घाचा असा गोंधळ असतो की उपसंपादकाला घाम फुटावा. (खऱ्या वाहिन्याही शुद्धलेखनात चुकतात, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही.)

डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला नकली व्हिडिओ किंवा आवाज, ओळखता येतो का?

कधी कधी. मराठी बोलणाऱ्याला एक फायदा आहे. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. ओठ हलवून बनवलेल्या व्हिडिओत ते बऱ्याचदा अर्धे उघडेच राहतात. वेग निम्म्यावर आणून 'मुंबई', 'बाप', 'पैसे' असे शब्द बघा. नक्कल केलेल्या आवाजात 'ळ' चा 'ल' होतो का, 'चमचा'तला च आणि 'चिंच'मधला च सारखाच येतो का, हे कान देऊन ऐका.

पण यावर विसंबू नका. सॉफ्टवेअर रोज सुधारतं आहे, आज दिसणारी चूक पुढच्या वर्षी दिसणार नाही. म्हणून प्रश्न बदला. 'हे खरं दिसतं का?' ऐवजी 'हे बोलून या माणसाला काय मिळणार?' असं विचारा. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करतो आहे असा व्हिडिओ आला. तो बनावट असल्याचं त्यानेच जाहीर केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला सांगावं लागलं की आपले प्रमुख शेअर सुचवताना दिसतात ते व्हिडिओ खोटे आहेत. शेअर बाजाराचा प्रमुख कुठला शेअर घ्या हे सांगत बसेल का, एवढा प्रश्न पुरला असता. ओठांकडे बघायची गरजच नव्हती.

घरातल्या कुणाचा रडवेला आवाज अनोळखी नंबरवरून पैसे मागू लागला, तर फोन ठेवा आणि त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. घरापुरता एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवला तर फारच छान. तो फोनवर टाइप करून ठेवू नका.

डॉक्टरांच्या नावाने आलेले उपाय?

टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या नावाने 'गरम नारळपाण्याने कर्करोग बरा होतो' असा मेसेज फिरला. रुग्णालयाने २०१९ मध्ये तो आपला नाही असं जाहीरपणे सांगितलं, तरी तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. अशा मेसेजमध्ये प्रमाण, कालावधी, कोणत्या अवयवाचा कर्करोग, कोणता टप्पा, यातलं काही नसतं. औषध म्हटलं की मात्रा आली. मात्राच नसेल तर ते औषध नव्हे. 'नारळपाणीच तर आहे, काय बिघडतं?' असं म्हणतात. बिघडतं हे, की कुणीतरी केमोथेरपीची तारीख पुढे ढकलतो.

शेअरच्या टिप देणाऱ्या ग्रुपमध्ये मला कुणी परस्पर घातलं. तिथे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट येतात.

बाहेर पडा. ते स्क्रीनशॉट टाकणारे आणि 'सर, तुमच्यामुळे घर घेतलं' म्हणणारे बऱ्याचदा एकाच टोळीचे असतात. सल्ला देणाऱ्याकडे सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा: गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच ने सुरू होतो. क्रमांक मिळाला म्हणून थांबू नका, कारण दुसऱ्याचा क्रमांक चोरून सांगतात. सेबीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक शोधा आणि तिथे दिलेल्या फोनवर किंवा ईमेलवर खात्री करा. 'खात्रीशीर परतावा' हे दोन शब्द नोंदणीकृत सल्लागाराला वापरताच येत नाहीत.

व्हिडिओ कॉलवर पोलीस दिसले आणि 'डिजिटल अरेस्ट' म्हणाले तर?

अशी अटक भारतीय कायद्यात नाही. कॉल कापा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी हे नव्हतं का?

होतं. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर आणि परदेशातल्या देवळांपर्यंत पोहोचली, ती साध्या फोनवरून. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं: पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जात होतं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळत होतं. पांढऱ्या दुधात ते दिसत नव्हतं, रंगीत दुधात दिसलं. वेगात फरक पडला आहे, माणसात नाही.

पाच वेगवेगळ्या लोकांनी तेच सांगितलं, मग त्यात काहीतरी तथ्य असेल ना?

पाच जणांनी सांगितलं की पाच जणांनी एकच मेसेज वाचला? दहा रुपयांचं नाणं बंद झालं, हे तुम्हाला रिक्षावाला, भाजीवाली आणि किराणा दुकानदार तिघांनीही सांगितलं असेल. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की तोवर काढलेल्या १४ वेगवेगळ्या नक्षींची दहाची नाणी सगळीच्या सगळी वैध आहेत. तरी नाणं नाकारणं पुढे चालूच राहिलं, कारण प्रत्येक जण शेजारच्याकडे बघून नाकारत होता.

ऐकून ऐकून खरं वाटायला लागणं ही मेंदूची जुनी खोड आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी ती प्रयोगाने दाखवली. विधान खरं असो वा खोटं, दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा कानावर पडलं की ऐकणाऱ्यांना ते जास्त खरं वाटू लागलं. म्हणून खोट्या मेसेजची थट्टा करण्यासाठीसुद्धा तो तसाच्या तसा पुढे पाठवू नका. तुमची थट्टा विसरली जाते, मेसेज लक्षात राहतो.

तयार तपासलेलं कुठे मिळेल?

फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर आणि विश्वास न्यूज यांची पानं मराठीत आहेत. ऑल्ट न्यूज आणि बूम हिंदी-इंग्रजीत बरंच काम करतात. मेसेजमधले तीन-चार ठळक शब्द आणि 'फॅक्ट चेक' असं टाकून शोधलं तरी पुष्कळदा भागतं. केंद्र सरकारच्या योजनांबद्दल पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, फॅक्ट चेक विभाग आहे, पण तो फक्त केंद्राशी संबंधित दावे बघतो आणि तो सरकारचाच आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. केंद्राच्या कारभाराबद्दल ऑनलाइन काय खोटं हे केंद्राच्याच कक्षाने ठरवायचं, अशी तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत केली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

तपासलेलं वाचतानाही निष्कर्षावर उडी मारू नका. त्यांनी मूळ व्हिडिओची लिंक, तारीख आणि कुणाशी बोलले ते दिलं आहे का बघा. दिलं नसेल तर तेही एक मतच.

मीच खोटा मेसेज पाठवून बसलो. आता?

लाजून गप्प बसणं ही इथली नेहमीची चूक. व्हॉट्सअ‍ॅपवर सुमारे अडीच दिवसांच्या आत 'सर्वांसाठी हटवा' चालतं. त्यानंतर ग्रुप अ‍ॅडमिनला सांगा, त्याला हटवता येतं. पण नुसतं हटवून भागत नाही, कारण लोकांनी वाचलेलं असतं. त्याच ग्रुपवर लिहा, आणि खरी गोष्ट आधी लिहा:

'दहाची सगळी नाणी चालतात, रिझर्व्ह बँकेने तसं जाहीर केलं आहे. काल मी नाणी बंद झाल्याचा मेसेज टाकला होता, तो चुकीचा होता. कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया तिथेही सांगा.'

खोटा दावा एकदाच, मध्ये, थोडक्यात. सुरुवातीला आणि शेवटी खरं. जुना मेसेज किंवा फोटो सोबत जोडायचा नाही.

काकांना सांगायला गेलं की ते चिडतात. 'आम्हाला शिकवतोस?'

ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगितलंत तर कुणीही चिडेल. अठ्ठावीस नातेवाइकांसमोर मोठ्या माणसाला खोटं पाडलं, की मुद्दा व्हिडिओचा राहत नाही, मानाचा होतो. वेगळा मेसेज करा, नाहीतर सरळ फोन करा:

'काका, मुलं पळवणाऱ्यांचा तो व्हिडिओ मी जरा शोधून बघितला. तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा निघाला. शेवटी ते मुलाला परत सोडतात, तेवढंच कापलंय. पूर्ण फिल्म पाठवतोय, बघा. ग्रुपवर तुम्हीच सांगितलंत तर सगळे ऐकतील.'

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. दुरुस्ती त्यांच्या हातून झाली की त्यांचा मान राहतो आणि पुढच्या वेळी तेच आधी विचारतात, 'हे खरं आहे का रे?' तो प्रश्न आला की त्याच दिवशी उत्तर द्या, कितीही कंटाळा आला तरी.

राजकारणावरचा वाद या वाटेने सुटत नाही. तिथे मत बदलायच्या भानगडीत पडू नका. फक्त एखादा ठोस दावा, फोटो किंवा आकडा चुकला असेल तर तेवढाच धरा. आणि आपल्या बाजूचा खोटा मेसेज आला तेव्हाही बोला. वर्षातून दोनदा जरी तसं केलंत, तरी तुमच्या बाकीच्या दुरुस्त्यांना वजन येतं.

कायद्याने मी अडकू शकतो का? ग्रुप अ‍ॅडमिन असेन तर?

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ खाली भीती, दंगा किंवा समाजासमाजांत वैर पसरवणारी खोटी माहिती वा अफवा पसरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मजकूर खरा मानायला वाजवी कारण होतं आणि वाईट हेतू नव्हता, असं दाखवता आलं तर त्या कलमात अपवाद आहे. पण 'आला तसा पाठवला' हे वाजवी कारण ठरवणं कठीण, आणि ते ठरेपर्यंत पोलीस ठाण्याच्या चकरा आहेतच. पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने वंश, जात वा समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या हत्येसाठी कलम १०३ मध्ये जन्मठेप किंवा फाशी आहे.

अ‍ॅडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू दिसावा लागतो. तरीही तणावाच्या दिवसांत 'फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग दोन दिवस लावून ठेवायला काही हरकत नाही.

गावात 'टोळी पकडली' म्हणून लोक जमायला लागले आहेत. मी काय करू?

११२ ला फोन करा, आणि गावाचं नाव, नेमकी जागा, अंदाजे किती लोक जमलेत हे सांगा. पोलीस पाटलांना कळवा. तिथला व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. शंभर माणसं जमली आहेत म्हटल्यावर अजून दोनशे येतात. पकडलेल्यांपैकी कुणाकडे आधार कार्ड असेल तर तेवढ्यावर गर्दी शांत होईल असं समजू नका, ओळखपत्रावरही 'खोटं असेल' असं म्हणतात. वेळ काढणं हेच काम: बसवा, पाणी द्या, गावातली दोन-चार वजनदार माणसं दाराशी उभी करा. मूल खरोखर संकटात आहे असं वाटत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही का?

हा दुसरा खड्डा. 'सगळेच खोटं बोलतात' असं म्हणणारा माणूस फसवणाऱ्याला आयताच मिळतो, कारण खरा पुरावा दाखवला तरी तो म्हणतो, 'एआय असेल.' पकडले गेलेले लोक हल्ली खऱ्या क्लिपलाही डीपफेक म्हणू लागले आहेत. विश्वास ठेवा, पण उतरंडीने: जिथे नाव, तारीख, ठिकाण आहे आणि चूक झाली तर दुरुस्ती छापली जाते, तिथे जास्त. एक वर्तमानपत्र रोज नीट वाचणारा माणूस बारा ग्रुप वाचणाऱ्यापेक्षा कमी फसतो असं आमचं मत आहे.

ही जबाबदारी माझ्यावरच का? कंपन्यांनी आणि सरकारने काय करायचं?

त्यांच्यावरही आहे, आणि तुमच्यापेक्षा जास्त. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली; एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. म्हणजे त्यांना वेग कमी करता येतो, करायला लावावं लागतं. ती मागणी जरूर करा. पण या मर्यादेचा अर्थही बघा: कंपनीनेच मान्य केलं की पाठवणाऱ्याला जरा अडखळवलं तर प्रसार मंदावतो. तो अडखळा तुम्ही स्वतःला आजही लावू शकता.

फोनमध्ये आत्ताच्या आत्ता काय बदलू?

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'मधून 'ग्रुप्स'वर जा आणि 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये घालू शकणार नाही. 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. बघायचा असेल तो व्हिडिओ मुद्दाम दाबून उघडावा लागला की निम्मे तुम्ही उघडणारच नाही. मोठे ग्रुप म्यूट करा. आई-वडिलांच्या फोनमध्येही हे त्यांना विचारून करा, आणि करताना प्रत्येक पायरी त्यांच्याच बोटाने दाबू द्या.